डिशवाला शिवकुमार आणि अव्वांचं चॅनल

वाऱ्याने आमच्या डिशची छत्री फिरली म्हणून डिशच्या दुकानदाराने पाठवलेला शिवकुमार पहिल्यांदा घरी आला. पंचेचाळिशीचा, होटगीचा माणूस. जुळे सोलापुरातल्या कितीतरी गच्च्यांवरच्या डिश त्यानेच बसवलेल्या.

माझ्या सासूबाई, नागव्वा, तेव्हा पक्षाघातातून नुकत्या उठल्या होत्या. हातपाय सावरले, पण वाचा परतली नव्हती. चार महिन्यांत एक शब्द नाही. "त्यांची भाषा सतत कानावर पडू द्या," असं डॉक्टरांनी सांगितलेलं. त्यांची भाषा कन्नड. मी बार्शीकडच्या वैरागची, मला कन्नडचं अक्षर येत नव्हतं, आणि हे दिवसभर बँकेत. टीव्ही होता, पण आमच्या पॅकमध्ये सगळी मराठी-हिंदी चॅनलं. डिशच्या दुकानदाराला विचारलं, तर म्हणाला, "महाराष्ट्रात कन्नड मिळत नाही, बाई." मला ते खरंच वाटलं.

छत्री नीट करून शिवकुमार खाली आला. सासूबाई दिसल्या तसं त्याने सहज विचारलं, "ऊट आयता, अव्वा?" म्हणजे, जेवण झालं का, आई. त्यांनी झटकन मान वर केली. मग मी त्याला सगळं सांगितलं.

"मिळत न्हाय म्हनला? असं कसं, वैनी!" तो म्हणाला. "नियम हाय की. कंपनीकडं जे च्यानल हाय, ते गिऱ्हाइकानं सुटं मागितलं तर द्यावं लागतंय. अख्खा पॅकच घ्या म्हनून अडवता येत न्हाय."

"तुम्हाला कसं ठाऊक?"

त्याचे वडील रेल्वेत गेटमन होते. नियमांचं पुस्तक ते पोरांना मोठ्याने वाचायला लावायचे. ती सवय राहिली. डिशच्या खोक्यातून ग्राहकाच्या हक्कांची एक पुस्तिका येते, आपण ती खोक्याबरोबर टाकून देतो. शिवकुमारने ती पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली होती.

त्याने माझ्याच फोनवरून कंपनीला फोन लावून दिला. पलीकडची मुलगी आधी नाहीच म्हणाली. शिवकुमार मला हळूच म्हणाला, "तक्रार नोंदवा म्हना, आनि नंबर मागा." नंबर मिळाला. तीन दिवस काहीच झालं नाही. चौथ्या दिवशी तो आपणहून आला, आमच्या जेवणाच्या टेबलाशी बसला आणि कंपनीच्या वरच्या अधिकाऱ्याला पाठवायचा अर्ज सुवाच्य अक्षरात लिहून दिला. मी अर्जाचा फोटो काढून पाठवला.

दोन दिवसांनी चॅनल लागलं.

दुपारी स्वयंपाकाचा कार्यक्रम चालू होता. मी ओट्याशी होते. बाहेरच्या खोलीतून आवाज आला, "बेल्ल ज्यास्ती."

हातात पळी तशीच घेऊन मी धावले. सासूबाई टीव्हीकडे बोट दाखवून, कपाळाला आठ्या घालून पुन्हा तेच म्हणाल्या. मी यांना फोन करून ते दोन शब्द जसेच्या तसे सांगितले. मग हे म्हणाले, "गूळ जास्त झाला, म्हणतीय अव्वा."

त्यानंतर शब्द एकेक करून येत गेले.

शिवकुमारला आम्ही जेवायला बोलावलं. त्याआधी शेजारच्या धनलक्ष्मीताईंकडून मला कळलं होतं, की "तू आमचा मानूस का गिऱ्हाइकाचा?" असं सुनावून दुकानदाराने त्याला काम देणं बंद केलंय. तो स्वतः अवाक्षर बोलला नव्हता. मला वाईट वाटलं. "आमच्यापायी तुमचं काम गेलं," मी म्हटलं.

"गेलं खरं," तो हसून म्हणाला. "पन आता लोक थेट मलाच बोलावत्यात. त्येंला पुस्तिका वाचून दावतो. बरं हाय की."

अव्वांनी स्वतः त्याला होळगी, म्हणजे पुरणपोळी, वाढली, त्यावर तूप घातलं. मग त्या त्याच्याशी बोलायला लागल्या. त्याचं गाव, त्याची आई, कुणाच्या घरची सून कुठली, सगळं विचारत राहिल्या. एव्हाना मला त्यातलं पाव कळत होतं. होळगी ताटात निवत होती, आणि शिवकुमार प्रत्येक प्रश्नाला न कंटाळता उत्तर देत होता.