लतीफभाईंची शुगर

सेनगावच्या बसस्टँडसमोर लतीफभाईंची जिलेबीची भट्टी होती आणि तिला लागूनच माझं मेडिकल. तीस वर्षं या माणसानं जिलेबी तळली, पण पाक झाला की नाही हे पाहायला कधी घड्याळाकडे बघितलं नाही. झाऱ्यावरून पाकाचा थेंब घ्यायचा, अंगठा आणि पहिल्या बोटात धरायचा, बोटं हळूच उघडायची. तार निघाली की म्हणायचे, "झाला." मग खांद्यावरच्या रुमालाला बोटं पुसून पुढच्या कामाला. पाक साखरू नये म्हणून त्यात लिंबू पिळायचे. सेनगावातच काय, पार पुसेगावपर्यंत लग्नाची जिलेबी त्यांच्याच हातची लागायची.

२००१ साली त्यांना शुगर निघाली. मिठाईवाल्याला शुगर, म्हणून बसस्टँडवरच्या टवाळांनी दोन महिने मजा घेतली. लतीफभाईंनी मात्र त्याच दिवशी सांगितलं, "आजपासून गोड बंद." संपला विषय. चव बघायची असली तर कमरजहाँभाभी बघायच्या, म्हणजे त्यांची बायको. दर तीन महिन्यांनी लतीफभाई हिंगोलीला जायचे, रक्त तपासायचे आणि डॉक्टरांनी दिलेली एक गोळी रोज सकाळी घ्यायचे. चार वर्षं सगळं बराबर चाललं.

मग मी मशीन आणलं.

आता सांगताना हसू येतं, पण तेव्हा त्या मशीनचा मला फार माज होता. नांदेडहून आणलेलं, हाताच्या तळव्यावर मावणारं. बोटाला सुई टोचा, थेंब पट्टीला लावा, आकडा हजर. सेनगावात तसं दुसरं मशीन नव्हतं. मी लतीफभाईंना म्हणालो, "आता कशाला हिंगोलीच्या चकरा? रोज सकाळी इथंच बघू." साडेआठला मी शटर उघडायचो, ते पहाटेपासून भट्टीवर असायचे. यायचे आणि उजव्या हाताचं पहिलं बोट पुढं करायचे. मी स्पिरिटच्या बोळ्यानं ते पुसायचो, टोचायचो आणि वहीत लिहायचो. दोनशे दहा. दोनशे छत्तीस. दोनशे अठ्ठावीस. तेही उपाशीपोटी.

हिंगोलीच्या डॉक्टरांना मी फोनवर आकडे सांगितले. ते म्हणाले, "एकदा रक्त पाठवा, इथं तपासू." मी छाती फुगवून म्हणालो, "गरज नाही साहेब, रोजची नोंद आहे माझ्याकडे." त्या भरवशावर त्यांनी एकाच्या दोन गोळ्या केल्या. तरी सकाळचा आकडा हलेना.

आता आकडा हलत नाही म्हणजे काय? माणूस चोरून खातोय. मला तसं वाटलं, भाभींनाही वाटलं. मी मनात ठेवलं. भाभींनी एका सकाळी भरल्या गिऱ्हाइकांत विचारलं, "शाकीरचे अब्बा, काहून खाता चोरून? पोट भरंना का तुमचं?"

लतीफभाईंच्या हातातला झारा थांबला. "अल्लाकसम, कण तोंडात टाकला न्हाई मी."

"मग मशीन खोटं बोलून राहिलं का?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझं मशीन आणि खोटं? मी मान हलवली. नाही म्हणून.

त्या दिवसानंतर लतीफभाईंनी आपली बाजू मांडणं सोडून दिलं. सकाळची भाकरी अर्धी केली, मग तीही बंद केली. आकडा तसाच. शेवटी भाभींनी आणि शाकीरनं ठरवलं की महिनाअखेर भट्टी विझवायची. शाकीर कर्ता पोरगा, त्याला त्या जागेवर मोबाईलचं दुकान टाकायचंच होतं. भाभी मला म्हणाल्या, "भट्टीजवळ ठेवलं तर खातच राहतीन हे. धंदा गेला तरी चालंन, माणूस राहिला पाहिजे." प्रेमच होतं ते, पण लतीफभाईंचं कामही जाणार होतं आणि इज्जतही. रोज पाचशे माणसांना गोड खाऊ घालणारा, स्वतः जिभेला न लावणारा माणूस आता गावात चोर ठरून घरी बसणार होता.

महिना संपायला आठ दिवस राहिले असतील. शुक्रवार होता. लतीफभाई दुपारी जुम्याची नमाज पढून मशिदीतून परत आले ते घामानं निथळत. थंडीचे दिवस, आणि अंगातला सदरा पिळून काढावा असा ओला. नरसिंग नावाचा आमचा रोजचा जीपवाला सहज म्हणाला, "काय चाचा, पावशेर बांधता का?" तर लतीफभाई त्याच्यावर असे खेकसले की तो दोन पावलं मागं गेला. या माणसाचा चढा आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता. मग ते माझ्या दुकानाच्या पायरीवर मटकन बसले. हात थरथरत होते, काय बोलतायत ते कळेना.

"शुगर चढली!" भाभी धावत आल्या. "खाल्लं असंन काहीतरी!"

नरसिंग म्हणाला, "साखरपाणी देऊ का?"

आणि मी, गावाला औषधं विकणारा शहाणा, म्हणालो, "अजिबात गोड देऊ नका." जिलेबीनं भरलेल्या परातीपासून चार हातांवर माणूस बसला होता. माझं हे वाक्य मला आजही टोचतं.

मशीन लावलं. अठ्ठेचाळीस.

मला वाटलं, पट्टी खराब. दुसरी लावली. पन्नास. मग मशीनच बिघडलं म्हणून स्वतःच्या बोटाला टोचलं, तर एकशे एक. मशीन ठणठणीत होतं. म्हणजे साखर चढली नव्हती, पार उतरली होती. लतीफभाई अजून गिळू शकत होते. ग्लुकोजची पावडर पाण्यात कालवून मी पेला त्यांच्या तोंडाला लावला. नरसिंगनं जीप काढली आणि आम्ही सरकारी दवाखाना गाठला.

डॉक्टरीणबाईंनी सलाईन लावलं. थोड्या वेळात लतीफभाई माणसात आले, पण बाईंनी सोडलं नाही. "या गोळीचा अंमल दिवसभर राहतो. साखर परत उतरू शकते. रात्रभर इथंच." मग त्यांनी माझी वही चाळली. "आज सकाळी दोनशे अडतीस, दुपारी अठ्ठेचाळीस. गोळीनं उतरते, पण इतकी? मध्ये काय झालं?"

"काहीच न्हाई," भाभी म्हणाल्या. "जुमा झाला फक्त." नवऱ्याच्या हाताकडे बघत राहिल्या. "नमाजच्या आधी वजू केलं असंन. हात धुतले असतीन." मग माझ्याकडे वळल्या. "ओमप्रकाशभाऊ, सकाळी तुमच्याकडं येतात तवा हात धुतात का हे?"

"मी स्पिरिटनं पुसतो," मी म्हणालो.

डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. "स्पिरिटनं पाक निघतो होय? पाकात लिंबू पिळता ना? लिंबानं साखर फुटून त्यात ग्लुकोज तयार होतं, मशीन तेच मोजतं. पाण्यानं हात धुवायचे, कोरडे करायचे, मग टोचायचं. तुम्ही चार महिने यांच्या रक्ताची नाही, जिलेबीची शुगर लिहीत होता."

म्हणजे एवढे महिने शुगर चढलीच नव्हती. आम्ही त्यांच्या गोळ्या वाढवल्या होत्या आणि त्यांनी खाणं तोडलं होतं.

शनिवारी ते घरी आले. दोन दिवस गोळी बंद होती, नंतर पुन्हा एकच सुरू झाली. सोमवारी सकाळी भट्टी पेटली, बाजाराचा दिवस, गिऱ्हाईक भरपूर. लतीफभाईंनी पाकाची तार बघितली आणि भाभींनी त्यांना माझ्या पायरीपर्यंत हात धरून आणलं. "आधी तसंच बघा," म्हणाल्या. दोनशे एकतीस. मग त्यांनी स्वतः साबण लावून नवऱ्याचे हात धुतले, पदरानं कोरडे केले. त्याच बोटाला मी पुन्हा टोचलं. एकशे सोळा.

भाभी गिऱ्हाइकांकडे वळल्या. आवाज कापत होता, पण मोठा होता. "मी यांना सगळ्यांसमोर चोर म्हणलं होतं. आता सगळ्यांसमोर सांगते, या माणसानं चार वर्षांत एक कण खाल्ला न्हाई. चूक माझी हाय. आन ही भट्टी बंद होणार न्हाई."

लतीफभाई रडले. इतके दिवस बोल खाऊन ज्यांचा डोळा ओला झाला नव्हता, ते आता पोरासारखे रडले. गिऱ्हाईक पांगलं, मी तिथंच उभा. त्यांचा हात अजून माझ्या हातात होता.

"लतीफभाई," मी म्हणालो, "मलाही तुमचा भरवसा वाटला नव्हता. बोललो नाही इतकंच."

"मालूम होतं मला," ते म्हणाले. "तरी रोज सकाळी तुझ्याकडंच येत होतो ना मी?"