उजव्या गालाची तीट

इतवारीच्या बाजारात भांड्यांची दुकानं पुष्कळ होती, पण चंपतरावांच्या दुकानावरून जाताना बायका हटकून पदर सारखा करत, कारण तिथल्या परातींत तोंड स्वच्छ दिसायचं. भंडाऱ्याहून आलेलं पितळ इतर दुकानदार पोत्यातून काढून तसंच मांडत. चंपतराव आधी ते चिंच आणि राख लावून स्वतःच्या हातानं घासत. डाग दिसला की हा गृहस्थ बेचैन. लग्नाच्या पंगतीला बसले तरी आधी समोरचा तांब्या उपरण्यानं पुसायचे, आणि मग यजमानाकडे अशा नजरेनं बघायचे की त्या बिचाऱ्याला पुढं बुंदीचा आग्रह करवत नसे.

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या दोनेक वर्षं आधी या माणसाच्या घरी नात झाली. नाव पुष्पलता. मुलगा मनोहर पितळेच्या खरेदीसाठी सदा भंडाऱ्याच्या वाटेवर, त्यामुळे पोरीचं कौतुक करायचं काम आजोबांनीच अंगावर घेतलं होतं. बारसं झालं, आणि त्यानंतर काही दिवसांनी पोरीच्या उजव्या गालावर मुंगी चावल्यासारखा एक लाल ठिपका दिसला. मुंगीचा चावा दोन दिवसांत बसतो. हा ठिपका बसायचं नाव घेईना. चार महिन्यांत तो पिकल्या बोराएवढा झाला, लालभडक आणि फुगीर.

चंपतरावांची पत्नी रंभाबाई हिच्याकडे जगातल्या प्रत्येक गोष्टीचं कारण तयार असे. याही गोष्टीचं होतं. "पोटुशी असताना ग्रहणात विळीवर बसून वांगे चिरत होती हे सूनबाई. म्या पाह्यलं ना आपल्या डोळ्यानं! पोर डाग घेऊनच जन्मले येते, दुसरं काय?" सून गोपिका खाली मान घालून ऐके. हळूहळू शेजारणींनाही ते वांगं पाठ झालं, आणि गोपिका विहिरीवर जायची ती सगळ्यांचं पाणी भरून झाल्यावर जाऊ लागली.

चंपतरावांना वांग्याशी काही घेणंदेणं नव्हतं. त्यांना फक्त डाग दिसत होता. पोरीला मांडीवर घेतलं की अंगठा आपोआप गालाकडे वळायचा. शेवटी एका दुपारी घरातल्या बायका पापड लाटत बसलेल्या पाहून त्यांनी चिंचेचा कोळ बोटावर घेतला आणि तो गाल हलक्या हातानं, अगदी चांदीचं निरांजन घासावं तसा, घासला.

डाग निघाला नाही. रक्त निघालं.

पोरीनं असा टाहो फोडला की गोपिका पिठाच्या हातांनीच धावत आली. तिनं धुतलेल्या लुगड्याची घडी गालावर दाबून धरली आणि सासऱ्याकडे एकदाच पाहिलं.  चंपतराव अनवाणीच टांगा बघायला धावले. मग टांगा आला, आणि चौघं महाल भागातल्या डॉक्टर वामनरावांच्या दवाखान्यात पोचली.

वामनरावांनी रक्त थांबवलं, पट्टी बांधायला घेतली आणि चष्म्यावरून विचारलं, "कशानं घासलं?"

"चिंचेनं."

"राख नाही लावली?"

"राख लावाची बाकी होती," चंपतराव प्रामाणिकपणे म्हणाले.

डॉक्टरांनी एक छोटी काच घेऊन डागाच्या कडेवर दाबली. काचेखालचा लाल रंग गुलाबी झाला, मग फिका पडला. काच उचलताच पुन्हा लाल. चंपतरावांचे डोळे विस्फारले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी न घासता जाणारा डाग पाहिला होता.

"हे रक्ताच्या बारीक नळ्यांचं गाठोडं आहे," डॉक्टर म्हणाले. "आता मला एकच सांगा, आणि खरं सांगा. हा डाग जन्मतःच होता की नंतर आला? जन्मापासूनचा, सपाट, जांभळट डाग असेल तर तो जन्मभराचा सोबती. नंतर येऊन फुगणारा असेल तर तो पाहुणा. वर्षभर वाढेल, मग मधूनच फिका पडेल, आणि पाच-सात वर्षांत आपला आपण जाईल."

"जन्मापासूनचा!" रंभाबाई ठणकावून म्हणाली. "हिनं ग्रहणात..."

"नाही," चंपतराव म्हणाले.

रंभाबाईनं वळून पाहिलं. नवऱ्यानं तिला चारचौघांत 'नाही' म्हटल्याची ही पहिलीच वेळ असावी. चंपतरावांनी उजव्या हाताचं बोट वर केलं. "बारशाच्या दिवशी घरच्या बायांचे हात कामात होते. पोरीले तीट म्या लावली. याच बोटानं, उजव्याच गालाले. गाल नव्या परातीवानी साफ होता. मले डाग दिसत नाही असं कधी झालं आहे का?"

हे मात्र कुणालाही खोडून काढता येईना. चंपतरावांच्या नजरेतून डाग सुटला असता तर सूर्य पश्चिमेला उगवला असता. गोपिकेच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. चार महिने मानेवर बसलेलं वांगं एकदाचं उतरलं होतं.

"मग पाहुणाच आहे," डॉक्टर म्हणाले. "डोळ्याकडे सरकला, चिघळला किंवा पुन्हा रक्त आलं, तर लगेच घेऊन या. नाहीतर हात लावायचा नाही."

"औषध?"

"नाही."

"मलम?"

"जखम भरेपर्यंत. मग तेही नाही. हे जाळता येतं, बर्फासारख्या गार औषधानं मारताही येतं, पण मग गालावर वण राहतो, आणि तो कुठं जात नाही."

"पण काई तं करा लागंन ना, डॉक्टरसाहेब!" चंपतराव काकुळतीला आले. वामनरावांनी त्यांच्या अंगठ्याकडे पाहिलं. तो टेबलावरचा शाईचा डाग घासत होता.

"औषध तुम्हाला देतो," ते म्हणाले. "घरातला एक लोटा घ्या. हात शिवशिवला की तो घासायचा. गाल नाही."

परतताना टांग्यात रंभाबाई गप्प होती. सीताबर्डीचा बाजार कुणी एका फुंकरीनं बंद करावा, तशी ती शांतता होती. घर आलं तेव्हा तिला नवं कारण सापडलं. "म्हणजे तुमच्या तिटीनंच झालं म्हना ना!" गोपिकेचं ग्रहण सुटलं आणि चंपतरावांना लागलं. त्या दिवसापासून काजळाची डबी त्यांच्या हाती लागू नये अशा जागी गेली.

डॉक्टरांनी सांगितलं तसंच झालं. डाग वाढला. चंपतराव लोटा घासत राहिले. गिऱ्हाईक चेष्टा करी, "काहून गा चंपतराव, एकाच लोट्याले किती घासता?" ते म्हणत, "औषध घेऊन राहिलो बापा."

रंभाबाईला मात्र हे काही न करणं सोसवेना. तिनं बेसा गावाहून बाबारावांना बोलावणं धाडलं. लेकरांचं पोट फुगलं, धाप लागली, काहीही झालं तरी बाबाराव तापल्या सुईनं डाग देत. ते आले, चुलीपाशी बसले, सुई निखाऱ्यात खुपसली. गोपिका पोरीला छातीशी धरून कोपऱ्यात उभी राहिली. "मामाजींले येऊ द्या," दाराकडे सासऱ्यांची वाट पाहत एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

चंपतराव दुकानातून आले ते हातात लोटा घेऊनच. सुई लाल झाली होती. खरं सांगायचं तर क्षणभर त्यांना मोह झाला. काहीतरी तर होतंय! मग त्यांना चिंचेचं ते बोट आठवलं. ते चुलीपुढं बसले आणि त्यांनी उजवा हात पुढं केला.

"बाबाराव, पहिले इथं डाग द्या."

"काहून गा?"

"तीट लावणारं बोट हेच आहे. दोष याचा आहे, असं आमच्या घरचं म्हणणं आहे. मंग लेकराले काहून जाळता? याले जाळा."

बाबारावांना दोष कुठं का असेना, डाग देण्याशी मतलब. त्यांनी खरंच सुई उचलली. सुई बोटाजवळ आली तशी रंभाबाई किंचाळली, "थांबा! अहो, जळंन ना हात! पिसाट झाले का तुम्ही?"

चंपतरावांनी हात तसाच धरला होता.  "माह्या घट्टे पडलेल्या बोटाले जळंन," ते म्हणाले, "अन् तिच्या गालाले?"

 पोरीकडे पाहून रंभाबाईला रडूच कोसळलं. थोड्या वेळानं तिनं नाक पुसलं आणि बाबारावांना पोहे दिले. एवढ्या लांबून आलेल्या माणसाला उपाशी कसं पाठवायचं? सुई चुलीतच विझली.

दुसऱ्या वर्षी डागाच्या मधोमध राखेसारखा करडा ठिपका आला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, गावची इडापिडा वेशीबाहेर नेणाऱ्या मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक निघाली, तेव्हा रंभाबाई रस्त्यावर उभी राहून सगळ्यांत मोठ्यानं ओरडली, "लाल डाग घेऊन जा गे मारबत!" पुढं डाग फिका पडत गेला. त्याचं श्रेय तिनं मारबतीला दिलं, वामनरावांनी निसर्गाला दिलं, आणि चंपतराव छाती काढून सगळ्यांना सांगत, "म्या काहीच केलं नाही!" आयुष्यातलं सगळ्यांत अवघड काम त्यांनी तेच केलं होतं. शेजारपाजारचे लोक आपली लाल ठिपक्याची लेकरं त्यांना दाखवू लागले. ते हात मागं बांधून विचारत, "जन्माचा का मागून आलेला?" आणि उत्तर काहीही असो, वामनरावांकडे धाडत. आजी-आजोबा फारच उतावीळ दिसले, तर सोबत घासायला एक काळा पडलेला लोटा देत.

युद्धानं पितळ महाग केलं. चंपतरावांचा लोटा इतका झिजला होता की त्यावर कोरलेलं त्यांचं नावही दिसेनासं झालं होतं. पुष्पलता सात वर्षांची झाली. गालावर आता थोडी सैल कातडी उरली होती, आणि तीही उन्हात नीट पाहिली तरच दिसे.

त्या वर्षी पोरासोरांच्या तान्ह्या पोळ्याला ती लाकडी बैल घेऊन नटूनथटून अंगणात उभी राहिली. रंभाबाई आतून काजळाची डबी घेऊन आली. नातीजवळ न जाता ती नवऱ्यापुढं थांबली आणि डबी उघडून तिनं पुढं धरली.

"घ्या. तुम्हीच लावा."

चंपतरावांनी बोट काजळात बुडवलं. "कोनत्या गालाले?"

"उजव्या," गोपिका दारातून म्हणाली.

त्यांचं बोट गालापाशी जाऊन अडलं. पुढं जाईना. पुष्पलतेला ती सगळी कथा पाठ होती. तिनं डोळे घट्ट मिटले आणि गाल पुढं केला.

"लावा ना, आजोबा. फक्त घासू नका."