शंभरीबाईची कोरी काच

पडदा वर जातो तेव्हा समोर एक लांबट खोली दिसते. डावीकडे दगडी ओटा, ओट्यात पांढरं बेसिन, त्यावर पितळी नळ आणि नळाला जोडलेली तांबूस रबरी नळी. बेसिनवर दोन आडव्या सळ्या, सळ्यांवर ओळीनं मांडलेल्या काचपट्ट्या. उजवीकडे खिडकी, खिडकीशी टेबल, टेबलावर मायक्रोस्कोप आणि त्यावर वाकलेली, चष्मा कपाळावर सारलेली एक बाई. ती माझी थोरली बहीण. नाटकात माझ्या तोंडावर उजेड पाडायला चार माणसं राबायची. ताईला खिडकीतला उजेड पुरायचा, आणि टाळ्यांवाचून तिचं कधी अडलं नाही.

ही खोली कुष्ठरोगाच्या संशोधन केंद्रातली. रुग्णाच्या कानाच्या पाळीला बारीकशी चीर द्यायची, आतला द्रव पात्यानं खरवडून काचेवर पसरायचा, वाळवायचा आणि ज्योतीवरून फिरवायचा. मग लाल रंग ओतून खालून गरम करायचा. वाफ दिसली पाहिजे, उकळी येता कामा नये. त्यानंतर आम्लानं धुवायचं. बाकी बहुतेक जंतूंचा रंग उतरतो, या जंतूचा उतरत नाही, इतका तो चिवट. शेवटी निळा रंग दिला की निळ्या अंगणात लाल काड्या पडल्यासारखे जंतू दिसतात. दिसले तर मोजायचे. नाही दिसले तर काच सरकवत शंभर जागा पाहायच्या आणि मगच "नाहीत" म्हणायचं. घाईच्या दिवशी बाकीचे चाळीस-पन्नास जागांवर उठायचे. ताई नव्व्याण्णवावर कधी उठली नाही, म्हणून केंद्रात तिचं नाव पडलं शंभरीबाई.

माझ्या डोळ्याचं ऑपरेशन होतं म्हणून एकदा तिनं दोन दिवस रजा घेतली. त्या दोन दिवसांतल्या काचा नव्या प्रमुख डॉक्टरांनी स्वतः वाचल्या. माणूस हुशार आणि सरळ. त्यांना एका काचेवर लाल काड्या सापडल्या. काच होती एका सलूनवाल्याची. तीन वर्षांपूर्वी त्याचे उपचार पूर्ण झाले होते आणि तो ठणठणीत बरा होता, फक्त वर्षाकाठी तपासणीला यायचा. आजारपणात माहेरी गेलेली बायको परत आली होती. सलूनच्या तिन्ही खुर्च्या भरायला लागल्या होत्या. डॉक्टर त्याला म्हणाले, "रोग उलटलेला दिसतोय. शुक्रवारी पत्र देतो, औषधं पुन्हा सुरू करू." त्यानं कुणी न सांगता सलूनला कुलूप घातलं आणि घरात बसून राहिला.

मंगळवारी ताई कामावर गेली. तिनं ती काच पाहिली आणि डॉक्टरांना बोलावलं.

"लाल आहेत की नाहीत, बाई?"

"लाल आहेत. नाही कुठं म्हणते मी? पण हे आपले नव्हेत."

"आपले म्हणजे?"

"अहो डॉक्टर, एकतीस वर्षं संसार केलाय मी यांच्याशी. आपले असतात ते जुडी करून बसतात, पेशींच्या पोटात. एखाददुसरा सुटा असला तरी घर सोडून फार लांब जात नाही. हे बघा, इथं पेशी नाही की काही नाही. मोकळ्या काचेवर ऐसपैस पसरलेत. पाहुणे आहेत हे."

डॉक्टर हसले. "पत्रात 'पाहुणे' असं लिहू का? मला पुरावा लागेल. उंदराच्या पायात टोचून बघायचं म्हटलं तर वर्ष जाईल."

त्यात काही खोटं नव्हतं. कुष्ठरोगाचा जंतू प्रयोगशाळेच्या बशीत वाढतच नाही. उंदराच्या तळपायात वाढवावा लागतो, आणि तिथंही एकाचे दोन व्हायला त्याला बारा-चौदा दिवस लागतात. वर्षभरात सलूनवाल्याचं गिऱ्हाईक दुसरीकडे बसलं असतं आणि बायकोनं पुन्हा पिशवी भरली असती.

"वर्ष कशाला? गुरुवारी देते पुरावा," ताई म्हणाली.

तिनं खोक्यातून एक नवी काच काढली, पुसली आणि सळ्यांवर ठेवली.

"यावर काय आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

"काही नाही."

"मग बघणार काय?"

"तेच."

माणसाचा कण नसलेल्या त्या कोऱ्या काचेला तिनं सगळे संस्कार केले. लाल रंग, वाफ, आम्ल, निळा रंग, आणि दर वेळी नळाचं पाणी. मग मायक्रोस्कोपखाली घेऊन मोजत बसली. दहा. वीस. तीस. डॉक्टर पाठीमागे उभे. त्रेचाळिसाव्या जागेवर ती थांबली आणि खुर्ची सोडून उठली. जागा पुऱ्या होण्याआधी ती उठल्याचं त्या खोलीनं पहिल्यांदा पाहिलं.

"बसा डॉक्टर, तुम्हीच बघा."

निळ्या मोकळ्या मैदानात तीन लाल काड्या पडल्या होत्या. डॉक्टर बराच वेळ मायक्रोस्कोपला डोळा लावून होते. मग म्हणाले, "बाई, या काचेलाही औषध सुरू करावं लागणार!"

दुसरी कोरी काच तिनं उकळून गाळलेल्या पाण्यानं धुतली. शंभर जागा पाहिल्या, काही नाही. तिसऱ्या काचेच्या वेळी नळावरची रबरी नळी काढली आणि थेट नळाचं पाणी घेतलं. याही काचेवर काही नाही. मग तिनं ती रबरी नळी ओट्यावर आडवी ठेवली आणि पात्यानं उभी चिरली. आतून बुळबुळीत थर. बोट लावलं की सुटत होता. पाण्यात राहणारे काही जंतू या जंतूच्या चुलत घराण्यातले असतात. चेहरेपट्टी तीच, लाल रंग धरून ठेवायची खोडही तीच, पण या रोगाशी त्यांचा संबंध नाही. ओलसर जागा मिळाली की ते मुक्काम ठोकतात. थर जाड झाला होता आणि आता त्याचे तुकडे पाण्याबरोबर काचांवर येऊन बसत होते.

डॉक्टरांनी विचारलं, "ही नळी बसवली कुणी?"

"मी," ताई म्हणाली.

चार महिन्यांपूर्वीची गोष्ट. नळाची धार जोरात पडायची आणि काचेवर पसरलेला नमुना वाहून जायचा. ताईनं घरातली नळी कापून नेली, स्वतःच्या हातांनी बसवली आणि जेवताना मला ऐकवलं, "एवढी साधी गोष्ट कुणाला सुचली नव्हती बघ." मीही तोंड भरून कौतुक केलं होतं. पाण्याची भांडी आठवड्याला घासायची हा नियम तिनंच किती नव्या मुलींना शिकवला होता. नळी हेही पाण्याचं भांडंच, हे तिच्या डोक्यात आलं नाही.

डॉक्टर हळूच म्हणाले, "वहीत 'धुण्याच्या पाण्यात दोष' एवढं लिहिलं तरी चालेल, बाई."

"नळी स्वतःच्या पायानं चालत आली नव्हती, डॉक्टर."

तिनं वहीत लिहिलं: नळी मी बसवली, चार महिने साफ केली नाही, या काळातल्या सगळ्या काचा पुन्हा तपासाव्यात. खाली सही. मग पर्स उचलली आणि तडक सलूनवाल्याचं घर गाठलं.

दार बायकोनं उघडलं. आतून आवाज आला, "मावशी, पत्र आणलंत?"

"पत्र नाही, चूक आणली आहे. माझी."

सगळं ऐकून तो उठून उभा राहिला. "म्हणजे नळीतल्या घाणीपायी मी कुलूप लावून बसलोय?"

"हो."

"आणि हे तुम्ही माझ्या तोंडावर सांगता?"

"मग काय भिंतीला सांगू? ओरडायचं तेवढं ओरडून घे आणि उद्या सकाळी कान घेऊन ये."

बायकोला हसू आवरेना. "कान मीच धरून आणते, मावशी."

दुसऱ्या दिवशी दोन्ही कानांच्या पाळ्यांतून नवे नमुने घेतले. डॉक्टरांनी त्याला उजेडात उभं करून अंग तपासलं, नसा चाचपल्या, कापसाचा बोळा फिरवून स्पर्श कळतो का पाहिलं. नवा चट्टा कुठेच नव्हता. ताईनं प्रत्येक काचेच्या शंभर जागा पाहिल्या. मग डॉक्टरांनी त्याच काचांच्या शंभर जागा पाहिल्या. एकही काडी नाही. शुक्रवारी पत्र मिळालं: रोग उलटलेला नाही, औषधाची गरज नाही.

पण पत्र खिशात राहतं आणि अफवा रस्त्यानं फिरते. शनिवारी त्यानं सलून उघडलं. तिन्ही खुर्च्या रिकाम्या. येणारेजाणारे पाटीकडे बघत आणि पावलं उचलत. समोरच्या सायकलच्या दुकानाबाहेर चार-पाच जण हाताची घडी घालून उभे, नाटक सुरू व्हायच्या आधी लोक उभे राहतात तसे.

दुपारी ताई मला म्हणाली, "नटोबा, चपला घाल. केस कापायला जायचंय."

"माझे? उरलेत कुठं?"

"तुझे नाही रे, माझे."

तिची वेणी कमरेपर्यंत होती. पांढरी झाली तरी वेणीवर तिचा फार जीव. तिला ओळखत नव्हतं असं त्या गल्लीत कुणी नव्हतं. सलूनमध्ये शिरून ती मधल्या खुर्चीत जाऊन बसली. सलूनवाला कात्री हातात घेऊन तसाच उभा.

"मावशी, इथं बायका येत नाहीत."

"आज आली. खांद्यापर्यंत काप."

त्यानं तिच्या मानेवर हात ठेवला आणि वेणी सोडायला घेतली. पेड सुटे केले, केस विंचरले आणि कात्री पुन्हा उचलली. समोरच्या फुटपाथवर आणखी दोघं येऊन थांबले. माझ्या आयुष्यात इतका कान देऊन बसलेला प्रेक्षक मी क्वचितच पाहिला. सलूनवाल्याला मात्र संकोच वाटला. मावशीची शोभा होऊ नये म्हणून तो कात्री ठेवून दाराकडे निघाला.

आरशातूनच त्याच्याकडे बघत ताई म्हणाली, "दार उघडंच राहू दे. आणि सावकाश काप, त्यांना नीट दिसलं पाहिजे."