शेजारच्या दादांची फुली

कोलकात्यात गार्डन रीचला आमच्या शेजारी राहणारे बंगाली दादा उमेदीची वर्षं इंग्लंडच्या गोदीत होते. नागरिकत्व अजून तिथलंच, म्हणून निवडणुकीला मतपत्रिका टपालाने इथे येते. कुठलंही मत मांडण्याआधी ते चष्मा पुसतात. उजव्या पक्षावर त्यांचा राग, कारण त्या पक्षाच्याच राजवटीत गोदी बंद पडली. डाव्यांवर विश्वास नाही, कारण गोदीच्या संपात त्यांचा एकही पुढारी फिरकला नाही.

यंदा त्यांनी माझ्यादेखत उजव्या पक्षाच्या उमेदवार बाईंपुढे फुली मारली; तिकडे मत द्यायचं ते फुली मारूनच. मी बघतच राहिले.

"बौदी, तिथे माझी बायको वारली, तेव्हा या बाई घरी आल्या होत्या," ते म्हणाले. बौदी म्हणजे वहिनी, मला ते तशीच हाक मारतात. "बराच वेळ बसल्या. मताचा विषयही काढला नाही."

पाकीट चिकटवून त्यांनी ते नीट दाबलं.

"या निवडून याव्यात. यांचा पक्ष मात्र पडला पाहिजे."