पाठीला पाठ लावलेल्या खुर्च्या

त्या सकाळी नलिनीकाकूंचा फोन माझ्या मोबाइलवर आला. काकू म्हणजे आत्याच्या शेजारीण. फोनवर बोलायचं म्हटलं की मी टाळाटाळ करते, हे घरात सगळ्यांना माहीत आहे, म्हणून नेहमीसारखा मी तो बाबांच्या हातात दिला. बाबा "हो… हो… निघतो" एवढंच म्हणाले. सदाशिव पेठेतून आम्ही रिक्षाने बिबवेवाडीला पोहोचलो. सुधाआत्या, बाबांची थोरली बहीण, झोपेतच गेली होती.

आता महिना उलटून गेलाय. आत्याबद्दल लिही, असं बाबा म्हणाले, तेव्हा मला तिच्या चेहऱ्याआधी तिची पाठ आठवली. कारण तिच्याकडून जे शिकले, ते मी तिच्या पाठीला पाठ लावून शिकले.

आत्याने लग्न केलं नाही. सगळी नोकरी पाणीपट्टीच्या खिडकीमागे बसून केली आणि निवृत्त झाल्यावर सोसायटीतल्या बायकांना घेऊन फिरायला जायचं ठरवलं. तिला एका वाक्याचा भयंकर राग होता, 'मुलाला विचारून सांगते.' हॉटेलचं बुकिंग, गाडीवाल्याशी बोलणं, सगळं मुलावर अडायचं, कारण पलीकडचा माणूस इंग्रजीत बोलेल ही भीती. म्हणून दर शनिवारी दुपारी तिच्या हॉलमध्ये वर्ग सुरू झाला. खोली हवी आहे, तारीख बदलायची आहे, गरम पाणी येत नाही, आम्हाला पोहोचायला उशीर होईल… एवढंच इंग्रजी. आपल्याला भाषण ठोकायचं नाहीये, खोली मिळाली पाहिजे, असं ती म्हणायची. उच्चार तपासायला मला बोलावलं. मी इंग्रजी शाळेत शिकलेली, पण पिझ्झासुद्धा कधी फोनवर न मागवलेली. आत्या म्हणाली, "तुझ्याकडे इंग्रजी आहे, माझ्याकडे तोंड आहे. दोघींत मिळून एक बाई होईल."

फोनवर चेहरा दिसत नाही, म्हणून तिने दोन खुर्च्या पाठीला पाठ लावून मांडल्या. एकीवर बुकिंग करणारी, दुसरीवर हॉटेलचा माणूस. तो माणूस नेहमी आत्याच व्हायची आणि जमेल तितकी वाईट वागायची. नो रूम मॅडम, टुमारो कॉल, असं खेकसायची. मात्र भांडण कितीही झालं तरी शेवट गोड करायचा, हा तिचा नियम. त्यामुळे प्रत्येक सराव 'थँक यू, नो प्रॉब्लेम'वर संपायचा. त्या खुर्चीत मला चक्क बोलता यायचं. समोर कुणी बघत नसलं की आवाज सापडायचा. आत्याच्या ते लक्षात आलं होतं, पण ती कधी बोलली नाही.

गेल्या हिवाळ्यात आम्ही सातजणी दक्षिणेतल्या एका थंड हवेच्या गावी गेलो. बुकिंग नलिनीकाकूंनी स्वतः, मुलाला न विचारता केलेलं. संध्याकाळचं धुकं उतरत होतं. काउंटरवरचा तरुण मॅनेजर संगणकावरून नजर न काढता म्हणाला, की खोल्या दुसऱ्या पार्टीला दिल्या आहेत, सॉरी. नलिनीकाकूंनी श्वास घेतला आणि आमच्या सगळ्या शनिवारांचं फळ म्हणून अगदी स्वच्छ उच्चारात म्हणाल्या, "थँक यू, नो प्रॉब्लेम." मॅनेजर मान हलवून आत निघाला.

कुणी हसलं नाही. आपण काय बोलून बसलो हे कळल्यावर काकूंनी तोंडावर हात धरला. गाव पर्यटकांनी भरलेलं, आमची गाडी केव्हाच परत गेलेली. मी आत्याकडे वळले. ती सोफ्यावर बसली होती, एक हात छातीवर. चढ चढताना तिला दम लागला होता, आणि तिच्या चेहऱ्याचा रंग मला बरा वाटेना. तू बोल ना, असं मी म्हटलं. तिने नुसती नकारार्थी मान हलवली. बोलायला तिच्याजवळ श्वासच नव्हता.

मी काउंटरपर्यंत गेले. तोंड उघडेना. मॅनेजर परत येऊन माझ्याकडे बघत उभा राहिला, आणि तो जितका बघत होता तितके माझे शब्द पुसले जात होते. मागून आत्याचा तुटका आवाज आला.

"सई… पाठ फिरव त्याच्याकडे."

मी फिरले. काउंटरला पाठ टेकवून, आत्याकडे बघत बोलले. आमचं बुकिंग कन्फर्म आहे, तसा मेसेज तुम्हीच पाठवलाय, इथे एका बाईंना बरं नाही, आधी डॉक्टर बोलवा, आणि खोल्या मिळेपर्यंत आम्ही इथून हलणार नाही… सगळं इंग्रजीत, एका दमात. बिचारा बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच एखाद्या वेणीशी वाद घालत होता. मॅडम, प्लीज टर्न, असं तो दोनदा म्हणाला. मी वळले नाही. बऱ्याच वेळाने किल्ल्यांचा आवाज आला. डॉक्टरही आले, पुण्याला गेल्यावर लगेच हृदय तपासून घ्या, म्हणाले. खोलीत पडल्यापडल्या आत्याने मला जवळ बोलावलं. "चांगलीच उद्धट आहेस की," ती म्हणाली. एवढंच कौतुक.

तिने तपासण्या केल्या, गोळ्या सुरू केल्या, आणि आम्हा सातजणींचं पुढचं बुकिंगही करून टाकलं, समुद्राकाठच्या एका लहान हॉटेलात.

तेराव्यानंतर नलिनीकाकू घरी आल्या. ते बुकिंग रद्द करायला हवं होतं, आणि त्यांच्याने तो फोन होईना. मी करते, असं मी म्हटलं तेव्हा बाबांनी पेपर खाली ठेवला.

पलीकडे एक मुलगी होती. बुकिंग रद्द करायचंय, असं सांगितल्यावर तिने कारण विचारलं. 'अनअव्हॉइडेबल सर्कमस्टन्सेस' हे वर्गात घोटलेलं उत्तर जिभेवर तयार होतं. ते मला म्हणवेना. ज्यांनी बुकिंग केलं त्या बाई वारल्या, असं सांगितलं. मग तिने हळूच विचारलं, त्या पुण्याच्या मॅडम का, बोलणं संपलं की 'हॅव यू टेकन युअर लंच?' असं विचारणाऱ्या?

आमच्या वर्गात हे वाक्य कधीच नव्हतं. ते आत्या कुणाला न सांगता, एकटीच वापरत होती… मी घड्याळाकडे पाहिलं. दुपार टळत आली होती.

"हॅव यू?" मी विचारलं.

"नॉट येट, मॅम." मग तिने विचारलं, "शॅल आय कॅन्सल?"

समोर नलिनीकाकू पदराचं टोक बोटाला गुंडाळत माझ्याकडे बघत होत्या. बाबाही बघत होते. मी काकूंकडे पाहत नुसती भुवई उंचावली. त्यांनी आधी डोळे पुसले, मग होकारार्थी मान हलवली.

"नो," मी म्हटलं. "वी आर कमिंग. सिक्स लेडीज."