‘शे’चं ‘आहे’

विश्वेशच्या घरात उच्चाराला देवाइतका मान होता. वडील नाशिकच्या रामकुंडावर यजमानांकडून संकल्प म्हणवून घेत. एखादा शब्द चुकला की नदीकाठच्या गर्दीतही तो पुन्हा म्हणायला लावत. विश्वेश त्या कामात गेला नाही. सातपूरच्या कारखान्यात लागला, आणि संध्याकाळी गंगापूर रोडवरच्या एका म्युझिक क्लबमध्ये साउंड सांभाळू लागला. कान मात्र घरचाच राहिला.

त्या क्लबमध्ये सुनीलच्या बँडचा अल्बम रेकॉर्ड झाला. सुनील सटाण्याचा, अहिराणी मुलखातला. अमेरिकेतल्या गुराख्यांच्या गाण्यांची चाल, तिला रॉकचा ठेका आणि वर मराठी शब्द, असं त्याचं कंट्री रॉक. लोक टेबलं बडवत होते. अल्बम लाइव्ह, म्हणून कव्हरवर विश्वेशनेच हट्टाने छापून घेतलं: ‘जसं गायलं तसं’.

शेवटचं गाणं आईवर होतं. सगळं साध्या मराठीत. फक्त धृपदाच्या शेवटी सुनील आईच्या अहिराणीत उतरायचा, ‘गाव दूर शे’, म्हणजे दूर आहे. मिक्सिंग करताना तो ‘शे’ विश्वेशच्या कानात खुपत राहिला. माइकवर ‘आहे’ फुसफुसला असेल, असं त्याने स्वतःला पटवलं. दुसऱ्या कडव्यातला ‘आहे’ उचलून तिथे बसवला. जोड इतका सफाईदार झाला की त्याचा त्यालाच अभिमान वाटला. मग डिस्कवर जागा हवी म्हणून मूळ रेकॉर्डिंग पुसून टाकलं.

अहिराणी माहीत नव्हती, असं म्हणायचीही सोय नव्हती. शाळेत त्या भागातून आलेल्या एका मुलाला सगळा वर्ग ‘शेशे’ म्हणायचा. ते नाव विश्वेशनेच ठेवलं होतं.

अल्बम लोकांना आवडला. नंतर एका दुपारी पुढच्या कार्यक्रमासाठी साउंड तपासायला दोघंच क्लबमध्ये आले.

“माय रुसलीय,” स्टेजवर गिटार जुळवत सुनील म्हणाला.

“का रे?”

“अल्बम ऐकवला तिला. म्हणे, आते तू नासिकना साहेब व्हई गया. आईच्या गाण्यात आईचा शब्द टाकायची लाज वाटली का, विचारते.” तो हसला, पण तारेवरून नजर काढली नाही. “मला तर वाटत होतं मी ‘शे’च म्हटलंय. पण रेकॉर्डिंग कशाला खोटं बोलेल? समोर कॉलेज रोडची सगळी शहरी पोरं बसलेली. फाटली असणार माझी.”

विश्वेश मिक्सरवरची बटणं उगाच वरखाली करत राहिला.

“असू दे,” सुनील म्हणाला. “नव्या गाण्यातली अहिराणी पण काढून टाकू. तूच तपास, विशूभाऊ. तुझं मराठी शुद्ध.”

“तू ‘शे’च म्हटलं होतंस. मी बदललं.”

विश्वेशने शिव्या ऐकायची तयारी केली होती. पण सुनीलचा चेहरा एकदम उजळला. “म्हणजे मी म्हटलं होतं?”

“स्वच्छ म्हटलं होतंस.”

“मग लाव ना परत!”

“मूळ राहिलं नाही. पुसलं मी.”

“वा रे भटजी,” सुनील हळूच म्हणाला, “माझा मंत्र दुरुस्त केलास होय?”

त्याने तिथूनच आईला फोन लावला. समोरचा माइक चालू होता. विश्वेशच्या हेडफोनमध्ये शब्द न् शब्द येत होता. “माय, मी बरोबरच म्हनेल व्हतं. मशिन बिघडी गयथं.”

मशीन. विश्वेशला वाटलं, वर जावं, फोन मागून घ्यावा, आपलं नाव सांगावं. स्टेज जवळच होतं. तो उठलाही. पण तोवर सुनील कशावर तरी मोकळेपणाने हसत होता, आणि ते हसणं मोडू नये, हे कारण विश्वेशला आयतंच मिळालं.

सुनीलने फोन खिशात टाकला. “चल, गिटारला आवाज दे,” तो म्हणाला.

विश्वेश परत मिक्सरसमोर बसला आणि त्याने आवाज दिला.