भिंतीपासून दूर
यंत्राच्या तेलाचा वास आला की भिवंडीतल्या कॉलेजच्या वसतिगृहातला माझा पहिला आठवडा आठवतो. खोलीच्या भिंतीपलीकडे यंत्रमाग दिवसरात्र चालत आणि त्या हादऱ्यांनी लोखंडी खाट हळूहळू भिंतीपासून सरके. मला ती पुन्हा भिंतीला लावताना पाहून खोलीतला राहनाळचा सीनियर म्हणाला, “मधेच राहू दे रे. घरी परत जायचंय ना?” नव्या मुलाची फिरकी घेतोय असं वाटून मी हसलो. त्याने भिंतीवरचं कॅलेंडर बाजूला केलं. मागच्या भेगेत माझी बोटं सहज गेली. आतून गरम हवा येत होती. “रेक्टर सरांना सांगितलं नाही?” मी विचारलं. “सांगितलं ना. त्यांनीच तर कॅलेंडर दिलं.” इमारत अजून उभी आहे. यंदाही तिथे नवी मुलं राहायला आली आहेत.